झुलणारी मीटरपट्टी

लाकडी मीटरपट्टी बहुतेक शाळांत असतेच. तिच्या एका टोकाला, अगदी कडेशी, बारीक भोक पाडा. त्यातून खिळा घालून पट्टी मोकळी लोंबू द्या. थोडी बाजूला घेऊन सोडली की ती लंबकासारखी झुलू लागते. आता मुलांना विचारा, एका दोलनाला किती वेळ लागेल?

काही मुले म्हणतील, लंबकाची लांबी १ मीटर, म्हणजे २ सेकंद. हुशार मुले म्हणतील, पट्टीचे वजन तिच्या गुरुत्वमध्यात, म्हणजे ५० सेंटिमीटरवर असते. तेव्हा ५० सेंटिमीटर लांबीच्या साध्या लंबकाइतका, १.४२ सेकंद. बी.एस्सी.ला असताना मीही हेच गणित केले होते. प्रत्यक्षात २० दोलनांना जवळजवळ ३३ सेकंद लागले, म्हणजे एका दोलनाला सुमारे १.६४ सेकंद. मी घड्याळाला दोष दिला आणि वहीतला आकडा खोडून २८ लिहिला.

चूक घड्याळाची नव्हती. लटकवलेली पट्टी मनातल्या मनात २० सेंटिमीटरच्या पाच तुकड्यांत विभागा. तुकड्यांचे मध्य खिळ्यापासून १०, ३०, ५०, ७० आणि ९० सेंटिमीटरवर येतील. हे तुकडे सुटे, प्रत्येक आपापल्या दोऱ्यावर टांगलेले असते, तर पहिल्याचे दोलन सुमारे ०.६ सेकंदात आणि शेवटच्याचे सुमारे १.९ सेकंदांत झाले असते. पण पट्टी दृढ आहे. वरच्या घाईच्या तुकड्यांना आणि खालच्या सावकाश तुकड्यांना एकत्रच झुलावे लागते. या ओढाताणीतून कोणता दोलनकाल ठरतो?

त्यासाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहायला हव्यात. एक, गुरुत्वाकर्षण पट्टीला मधल्या स्थितीकडे किती जोराने वळवते. प्रत्येक तुकड्याचा यातला वाटा त्याच्या खिळ्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो. अंतरांची सरासरी ५० आहे, म्हणून येथे सगळे वजन गुरुत्वमध्यात मानणे अगदी बरोबर आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टीचे जडत्व. दुप्पट अंतरावरच्या तुकड्याला तेवढ्याच वेळात दुप्पट वेग घ्यावा लागतो. शिवाय त्याचा विरोध दुप्पट लांबीच्या भुजेवरून जाणवतो. म्हणून हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपल्या तुकड्यांसाठी वर्ग येतात १००, ९००, २५००, ४९०० आणि ८१००. त्यांची सरासरी ३३००. सगळे वस्तुमान मध्यावर असते तर ती २५०० आली असती. वर्गांची सरासरी आणि सरासरीचा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझी चूक नेमकी येथेच होती.

आता ३३०० ला ५० ने भागा. उत्तर ६६. म्हणजे पट्टी ६६ सेंटिमीटरच्या साध्या लंबकासारखी झुलते. तुकडे अधिकाधिक बारीक केले की हा आकडा ६६.७ कडे, म्हणजे पट्टीच्या दोन तृतीयांश लांबीकडे सरकतो. कलनशास्त्र न वापरता आठवी-नववीच्या मुलांनाही हे पडताळता येते.

प्रत्यक्ष खात्री करायची तर ६६.७ सेंटिमीटर दोऱ्याला छोटासा जड मणी बांधून तो पट्टीशेजारी टांगा. दोन्ही एकदम सोडा. झोका लहान ठेवला तर बरीच दोलने ते जोडीने झुलतील.

आणखी एक गंमत आहे. पट्टीवर पहिल्या टोकापासून ६६.७ सेंटिमीटरवर दुसरे भोक पाडा आणि पट्टी उलटी करून त्या भोकातून टांगा. आता गुरुत्वमध्य खिळ्याच्या जेमतेम १७ सेंटिमीटर खाली आहे. तरी दोलनकाल जवळजवळ पूर्वीइतकाच येतो! टांगण्याच्या जागांची ही अदलाबदल हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सिद्ध केली. तिचाच उपयोग करून हेन्री केटर यांनी १८१७ साली दोन्ही बाजूंनी टांगता येणारा लंबक बनवला. गुरुत्वत्वरण अचूक मोजायला तो पुढे दीर्घकाळ वापरात होता.

वर्गात एखाद्या मुलाच्या वहीत १.४२ ऐवजी १.६४ दिसले, तर तो आकडा खोडायला सांगू नका. त्याला पट्टीचे पाच तुकडे करायला सांगा.