शिसे की तेल?

भाषणात मी नेहमी सांगे, ‘वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत शिसे ओता, असे मनुस्मृती म्हणते.’ एका विद्यार्थ्याने श्लोक विचारला. ग्रंथ चाळला, सापडला नाही. ती शिक्षा गौतम धर्मसूत्राच्या १२ व्या अध्यायात आहे. तिथे वितळलेले कथील आणि लाख आहे. मनूच्या ८ व्या अध्यायात ब्राह्मणांना धर्म शिकवणाऱ्या शूद्राच्या तोंडात व कानांत उकळते तेल ओतायचे आहे. तिथेच शिवीचा भावही आहे: ब्राह्मणाने शूद्राला दिली, तर १२ पणांचा दंड, शूद्राने द्विजाला दिली, तर जीभ छाटणे. या शिक्षा किती वेळा झाल्या, हे श्लोक सांगत नाहीत. कोणाच्या देहाची किंमत शास्त्रकारांनी काय लावली, हे मात्र सांगतात. मित्रहो, चुकीचा दाखला विरोधकाला पळवाट देतो. ग्रंथ उघडूनच बोला.