केरातला ई-कचरा मोजूया

बिघडलेला चार्जर, इअरफोन, रिमोटचे सेल, सीएफएल बल्ब आपण सगळ्याच केरात टाकतो. केर उकिरड्यावर जातो आणि तिथलं खत शेतात. सीएफएलमध्ये पारा असतो, जुन्या सर्किटच्या जोडांत शिसं.

गावातून असं किती जातं? या वस्तू हलक्या, म्हणून आम्ही वजन न करता नग मोजायचं ठरवलंय. वेगवेगळ्या आळ्यांतली 10 घरं घ्यायची. महिनाभर अशा वस्तू झाकणाच्या डब्यात, लेकरांपासून लांब ठेवायच्या. समजा 15 नग निघाले, तर 200 घरांच्या गावात महिन्याला अंदाजे 300. हा आकडा घेऊन ग्रामसभेत वेगळ्या पेटीची मागणी करूया. तोवर यातलं काही जाळू नका, बल्ब फोडू नका.