पाळीव प्राणी सांभाळणे अशक्य झाल्यास काय करावे? निवारागृह हा पहिला नव्हे, शेवटचा पर्याय

नवी दिल्ली : नोकरीतील बदली, घरातील आजारपण, घरमालकाचा आक्षेप किंवा वृद्ध पालकाचे निधन अशा कारणांमुळे पाळीव कुत्रा अथवा मांजर सांभाळणे काही कुटुंबांना अशक्य होते. अशा वेळी प्राण्याला दूरच्या रस्त्यावर सोडण्याचे किंवा रात्री निवारागृहाच्या दाराशी बांधून निघून जाण्याचे प्रकार घडतात. घरात वाढलेल्या प्राण्याला अन्न शोधण्याची सवय नसते आणि वाहनांची जाणही नसते. शिवाय त्या भागातील भटके कुत्रे त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमारीने किंवा तहानेने यातना होण्याची शक्यता असताना वाजवी कारणाशिवाय प्राण्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी दंड केवळ १० ते ५० रुपये आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा घडल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे कायद्याच्या धाकापेक्षा मालकाची जबाबदारीची जाणीवच अधिक निर्णायक ठरते.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार भटक्या कुत्र्यांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर सर्वसाधारणपणे मूळ ठिकाणी सोडले जाते. पाळीव प्राण्यांची बाब वेगळी असून त्यांचे जंतनिर्मूलन, लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. भटक्या कुत्र्यांसंबंधी २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली आहे.

मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेपासून चेन्नईच्या ब्लू क्रॉसपर्यंत अनेक संस्था प्राण्यांसाठी कार्यरत आहेत. तथापि, बहुतेक निवारागृहांतील जागा जखमी, आजारी व निराधार प्राण्यांनीच व्यापलेली असते. अनेक ठिकाणचे प्राणी एकत्र येत असल्याने पार्व्हो आणि डिस्टेंपरसारख्या संसर्गाचा धोका वाढतो. पिल्ले व लस न दिलेले प्राणी त्यास लवकर बळी पडतात. घराची सवय असलेले काही प्राणी तेथे खाणेपिणेही सोडतात.

म्हणूनच निवारागृहाकडे जाण्यापूर्वी नवे घर स्वतः शोधणे हिताचे ठरते. चावणे, सतत भुंकणे यांसारख्या तक्रारींवर आधी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. त्यामागे अनेकदा दुखणे किंवा भीती असते. अडचण तात्पुरती असल्यास नातेवाईक अथवा काही काळ सांभाळणारे पालक कुटुंब यांचा विचार करावा.

प्राणी कायमचा सोपवायचा असल्यास काही आठवडे आधी तयारी सुरू करावी. प्रजननासाठी गैरवापर टळावा म्हणून आधी निर्बीजीकरण करून घ्यावे. घेणाऱ्याचे घर प्रत्यक्ष पाहावे, कुटुंबातील सर्वांची संमती आहे का याची खात्री करावी आणि प्राण्याशी एकाहून अधिक वेळा भेट घडवावी. ओळखपत्राची प्रत घेऊन लेखी करार करावा. सांभाळणे न जमल्यास प्राणी परत करण्याची अट त्यात असावी. लसीकरण नोंदवही, उपचारांची कागदपत्रे, नेहमीचे खाद्य व अंथरूण सोबत द्यावे आणि पुढील काही महिने विचारपूस करावी.

हे सर्व मार्ग खुंटल्यास निवारागृहाशी आधी संपर्क साधावा व ते प्रत्यक्ष पाहावे. नव्या प्राण्यांना वेगळे ठेवतात का, पशुवैद्यक उपलब्ध असतो का आणि दत्तक देण्याची पद्धत काय, हे विचारावे. प्राणी कधी चावला असल्यास ते लपवू नये. ही माहिती दडवल्यास पुढील कुटुंबातील मुलांना इजा होऊ शकते आणि त्या प्राण्याला पुन्हा बेघर व्हावे लागते.