बागेतील चार महिने : हंगाम संपल्यावर हातात काय?

मे महिन्याच्या सुट्या लागल्या की महापालिकेच्या बागांत संध्याकाळी पाय ठेवायला जागा उरत नाही. पुढे पाऊस सुरू झाला की गवत गुडघाभर वाढते, फांद्या मोडून वाटेवर पडतात आणि नवी रोपे लावण्याची घाई होते. कायम माळ्यांच्या संख्येत हे काम उरकत नाही. म्हणून दरवर्षी मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ठेकेदाराचा मुकादम मोहल्ल्याच्या नाक्यावर येतो आणि विचारतो, "चार महिने बागेत काम आहे. कोण येतो?"

नेमक्या याच दिवसांत रंगकाम बंद असते आणि बांधकाम थंडावते. त्यामुळे रंगारी, गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, हातगाडीवाले असे आपले अनेक बांधव या कामावर जातात. काम कष्टाचे आहे, पण हलाल रोजीचे आहे. प्रश्न एवढाच की, हंगाम संपल्यावर त्यांच्या हातात काय राहते?

आमच्या ओळखीचा एक रंगारी सलग तीन पावसाळे एका बागेत मदतनीस म्हणून राबला. तिसऱ्या वर्षी फांदी छाटताना शिडीवरून पडला व हात मोडला. ठेकेदाराने सरळ सांगितले, "हा माणूस माझ्या हजेरीपटावर नाही." पगार रोखीने मिळत होता, नेमणुकीचा कागद नव्हता, ओळखपत्र नव्हते. उपचाराचा खर्च घरच्या दागिन्यांतून झाला आणि शेवटच्या वीस दिवसांचा पगारही बुडाला. तीन हंगाम घाम गाळूनही त्याच्या नावाचा एकही कागद कोठे नव्हता.

कायम नोकरीचा भ्रम

'दोन-चार वर्षे काढ, साहेब तुला कायम करतील,' हे आमिष दाखवून अनेकांना गप्प बसविले जाते. एप्रिल 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात असा निर्णय दिला की, केवळ दीर्घकाळ तात्पुरते काम केले म्हणून सरकारी नोकरीत कायम होण्याचा हक्क मिळत नाही. उलट, मुंबई महापालिकेच्या सुमारे 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. पण ते हंगामी मदतनीस नव्हते आणि त्यांच्यामागे संघटनेचा दीर्घ लढा होता. तेव्हा कायम होण्याच्या आशेवर हक्काचा पगार सोडणे शहाणपणाचे नाही. मात्र पुढे कोणताही हक्क मागायचा झाला तरी कागद लागतोच.

मागून घ्यावयाच्या गोष्टी

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतील तरतुदी व जुन्या योजनांतील हक्क लक्षात घेता पहिल्याच दिवशी पुढील गोष्टींची चौकशी करावी.

1) नेमणूकपत्र : दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. त्यावर कामाचे नाव, पगार व ठेकेदाराचे नाव आहे की नाही ते पाहावे.

2) पगार बँकेत : मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. कामावरून कमी केले किंवा आपण काम सोडले तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. खात्यातील नोंद हा सर्वांत सोपा पुरावा आहे. किमान वेतनाचा दर कामगार कार्यालयात विचारून घ्यावा, कारण त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो.

3) भविष्य निर्वाह निधी : वीस किंवा अधिक माणसे ठेवणाऱ्या ठेकेदाराला हा लागू होतो. 15,000 रुपये पगारावर बारा टक्के म्हणजे 1,800 रुपये कामगाराचे आणि तेवढाच हिस्सा मालकाचा. यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे बारा आकडी यूएएन क्रमांक. ठेकेदार दरवर्षी बदलतो आणि नवा मुकादम नवाच क्रमांक काढतो. मग जुने पैसे जुन्या क्रमांकावर अडकून पडतात. क्रमांक आयुष्यभर एकच असतो. तो लिहून ठेवावा व नव्या ठेकेदाराला तोच द्यावा. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि ती हंगामा-हंगामाने जोडत गेली तरच साठते.

4) ईएसआय : दहा किंवा अधिक कामगार असल्यास कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जमा होतात. कामावर इजा झाली तर पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो. आमच्या त्या रंगाऱ्याचे नाव नोंदलेले असते तर दागिने मोडावे लागले नसते.

5) स्वतःची वही : रोजची हजेरी, बागेचे नाव, मुकादमाचे नाव व मिळालेली रक्कम स्वतः लिहून ठेवावी. महिन्याला दहा मिनिटांचे काम आहे.

ठेकेदाराने पगार बुडविला तर ज्याने ठेका दिला त्या मूळ मालकावर, म्हणजे येथे महापालिकेवर, तो चुकता करण्याची जबाबदारी येते. म्हणून तक्रार ठेकेदाराच्या दारात न थांबता उद्यान विभागाकडे व कामगार कार्यालयाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

ठेकेदार बांधवांना दोन शब्द

या पानाच्या वाचकांत कामावर जाणारे आहेत, तसे काम घेणारेही आहेत. निविदा मिळविण्यासाठी दर इतका खाली उतरवायचा की कामगाराचे किमान वेतनच त्यात बसू नये, आणि मग तोटा त्याच्या हजेरीतून भरून काढायचा, ही रीत धंद्याची नव्हे. घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण प्रत्येक व्याख्यानात ऐकतो. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने सूरह बकराच्या 282 व्या आयतीत केली आहे. आपण ती उधारीच्या वहीत पाळतो, कामगाराच्या बाबतीत मात्र विसरतो. निविदा भरतानाच निधी, ईएसआय, हातमोजे, शिडी व दोर यांचा खर्च धरावा. तो धरून काम परवडत नसेल तर ते काम सोडलेले बरे.

कागदाबरोबर हुनर

चार महिन्यांत शिकण्यासारखे पुष्कळ असते. हिरवळ किती उंचीवर कापावी, मेंदीचे कुंपण कसे छाटावे, जास्वंदीचे छाटकलम कसे लावावे, डाळिंबाची गुटी कशी बांधावी, झेंडू-शेवंतीचे वाफे केव्हा भरावेत, हे कायम माळ्यांच्या हाताखाली राहून फुकट शिकता येते. बहुतेक मदतनीस घमेले उचलण्यापलीकडे पाहत नाहीत. जो पाहतो, त्याला पुढे गृहनिर्माण सोसायट्या, शाळा, दवाखाने यांच्या आवारातील बागकाम मिळू शकते. आपल्या मशिदी व कब्रस्तानांच्या समित्याही पावसाळ्यात गवत काढण्यासाठी माणूस शोधत असतात.

मात्र खासगी आवारातील झाडावरही मनमानी कुऱ्हाड चालविता येत नाही. महाराष्ट्रात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरी भागात झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते व झाडाला इजा पोचविणेही तोडण्यातच धरले जाते. छाटणीचे काम घेण्यापूर्वी मालकाकडून परवानगीची प्रत मागून घ्यावी.

कारागिरांसाठीही येथे काम आहे. सुट्या लागण्यापूर्वी झोपाळे, घसरगुंड्या, बाकडी, जाळ्या यांची डागडुजी व रंग निघतो. वेल्डिंगवाले, सुतार व रंगारी यांनी फेब्रुवारी-मार्चमध्येच उद्यान विभागात चौकशी करावी. ज्यांना पुढे शिकायचे आहे त्यांच्यासाठी काही शासकीय आयटीआयमध्ये उद्यानविद्येचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो.

हे काम आपल्याला परके नाही. 'बागवान' या शब्दाचा अर्थच बागेची निगा राखणारा. आज या नावाचे आपले बांधव फळे-भाजीपाल्याच्या व्यापारात आहेत. औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा सतराव्या शतकातला. त्याची चार भागांत आखलेली बाग व कारंजी आजही लोक पाहायला येतात. बाग आखणाऱ्याला तेव्हा कारागीर म्हणत. आज तिथे गवत कापणाऱ्याला 'रोजंदारीवाला' म्हणून विसरले जाते.

तो रंगारी यंदा पुन्हा बागेत गेला. पण या वेळी त्याने आधी नेमणूकपत्र मागितले. मुकादम दोन दिवस टाळत राहिला, तिसऱ्या दिवशी त्याने कागद आणून दिला. सोबतच्या सहा जणांनाही तो द्यावा लागला. एकाने मागितल्याने सात जणांना मिळाला.