चार तारांचा पाया

१९७६ सालीं लंडनमध्यें ‘द क्लॅश’ हा पंक रॉक वाद्यवृंद उभा राहिला, तेव्हां त्यांतील पॉल सिमोनन यास बास गिटार वाजवितां येत नव्हती. तो चित्रकलेचा विद्यार्थी. सहकारी मिक जोन्स यानें त्याला शिकविण्याचें मनावर घेतलें, आणि पॉलनें स्वरांचीं नांवें गिटारीच्या मानेवरच रंगवून ठेविलीं! पाटीच्या चौकटीवर पाढे लिहून ठेवणाऱ्या मुलाचीच ही युक्ति. पण ती फळास आली.

बास गिटारीच्या चार तारा साध्या गिटारीच्या जाड्या चार तारांहून एक सप्तक खालीं लाविलेल्या असतात. तबल्याच्या जोडींत डग्ग्याचें जें काम, तेंच येथें हिचें. ती थांबली कीं सारें गाणें पोकळ वाटूं लागतें. दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टन भागांत कानीं पडलेलें जमेकाचें रेगे संगीत पॉलच्या बोटांत मुरलें होतें. १९७९ चें ‘द गन्स ऑफ ब्रिक्स्टन’ हें गीत त्यानें स्वतः रचलें व गाइलें.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्यें, प्रेक्षकांना आसनांवरून उठूं देत नाहींत या संतापानें, त्यानें आपली गिटार रंगमंचावर आपटून फोडली. पेनी स्मिथ या बाईंनीं टिपलेलें तें छायाचित्र अस्पष्ट म्हणून त्यांना स्वतःलाच पसंत नव्हतें. तरी तेंच ‘लंडन कॉलिंग’ या तबकडीच्या वेष्टनावर आलें, व २०१० सालीं ब्रिटिश टपालतिकिटावरहि झळकलें.

१९८६ मध्यें वाद्यवृंद मोडला. पुढें पॉल कुंचल्याकडे परतला. २०११ सालीं ओळख लपवून तो ग्रीनपीसच्या जहाजावर स्वयंपाक्याचा मदतनीस झाला, आणि ग्रीनलंडजवळील तेलविहिरीच्या निषेधांत तुरुंगांतहि गेला. ती फुटकी गिटार २०१९ सालीं लंडनच्या संग्रहालयांत मांडण्यांत आली.