डेटाबेसची पातळी बघताय न्हवं?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. कोल्हापुरात हे पोराटोरांनाही पाठ. डेटाबेसचीही अशी रोजची पातळी माहीत पाहिजे.

समजा, दूध संस्थेचा हिशोब पोस्टग्रेसवर आहे. फॅटची नोंद दुरुस्त केली की जुनी ओळ तिथंच मृत पडून राहते. ऑटोव्हॅक्यूम ती जागा मोकळी करतं. मृत ओळी किती, सफाई शेवटची कधी झाली, हे पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये दिसतं. आकडा रोज फुगतोय? तर कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून चहाला गेलंय का बघा!

आणि भावा, नुसती बॅकअपची फाइल बघून निर्धास्त राहू नकोस. दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर कर, एका सभासदाचं दहा दिवसांचं बिल काढ आणि त्याच्या हातातल्या पावत्यांशी ताडून बघ.