मॉर्फिनची गोळी: घाबरायचं कशाला, जपायचं कशाला?
कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन लिहून दिलं, की घरचे हमखास विचारतात, 'याची सवय तर लागणार नाही ना?' या भीतीपायी अनेकजण वेदना सोसत राहतात. १९८५च्या एनडीपीएस कायद्यातील किचकट परवान्यांमुळे रुग्णालयंही हे औषध ठेवायला कचरत. २०१४च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत केले.

कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये घेतल्यास व्यसनाचा धोका कमी असतो. बद्धकोष्ठता मात्र जवळपास ठरलेलीच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत देतात. खरा धोका श्वास मंदावण्याचा. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांनी तो वाढतो. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल, तर पुढचा डोस न देता लगेच रुग्णालय गाठा. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंदही करू नका. डोस हळूहळू उतरवावा लागतो.